उलार गाडीतून नाताळला

पाद्रीसाहेबाने मला फसवले. त्याआधी त्याने वेस्तीबाईला फसवले होते. पण ते मला मागाहून कळले, म्हणून आधी माझे सांगतो.

मी नंदुरबारला बाजाच्या पेट्या विकतो. बाप कळसाडीला सालदार होता. मी बैलबाजारात दलालांच्या हाताखाली राबून सौदा शिकलो, पुढे बैल सोडून पेट्या धरल्या. आजवर बैलांच्या लाथा पुष्कळ खाल्ल्या, पण माणसाकडून फसलो नव्हतो. खांडबाऱ्यापलीकडे डोंगरात मिशनच्या शाळा आहेत. तिथल्या साहेबाने शाळांसाठी पेट्या मागितल्या. मी भाव सांगितला, त्याने पाडला. मी चढवला, त्याने पुन्हा पाडला. गोरे लोक घासाघीस करीत नाहीत असे ज्याला वाटते, त्याने या साहेबासमोर एकदा बसून पाहावे. शेवटी थोडक्यासाठी अडले. तेव्हा तो म्हणाला, "उखाभाऊ, या फरकाच्या बदल्यात मी आपल्याला एक वस्तू देतो. माझ्या आजीच्या तोंडचे नाताळचे गाणे आहे. आमच्या देशात बर्फ पडते तेव्हा लोक ते दारोदार गातात. या मुलखात ते कोणापाशी नाही. पेटी विकताना ही चाल वाजवा, गिऱ्हाईक हलणार नाही."

वाजवून दाखवली. मी ऐकली आणि सौदा मिटवला. चाल होतीच तशी. चार पावले पुढे, मग दोन मागे, मग पुन्हा तीच चार पुढे. कोणी उंबऱ्यापर्यंत येते आणि आत न येता परत जाते, तशी.

साहेबाचे बोलणे पुढची दोन वर्षे खरे निघाले. शहाद्याला, तळोद्याला, लोणखेड्याला, जिथे ती चाल वाजवली तिथे माणसे थांबली आणि पेट्या खपल्या. एक मात्र व्हायचे. चाल संपली की ऐकणाऱ्यांतले एकदोघे माझ्याकडे न बघता माझ्या पाठीमागे बघत. लोणखेड्याच्या एका म्हाताऱ्याने बाकावर मला जागा दिली आणि आणखी थोडे सरकून घेतले. "बठू द्या त्यास्ले बी," म्हणाला. मी मागे पाहिले. कोणी नव्हते. म्हातारा आहे, दिसत नसेल, असे म्हणून मी विसरलो.

मग दिवाळीच्या तोंडावर खांडबाऱ्याच्या बाजारात पेटी मांडली. आजूबाजूला सुपे-टोपल्या आणि वाळलेले मासे विकणाऱ्या डोंगरातल्या बाया बसल्या होत्या. मी चाल सुरू केली. दुसऱ्या ओळीला जवळची बाई उठली. मग तिच्या शेजारची. बघता बघता सगळी रांग टोपल्या डोक्यावर घेऊन निघून गेली. भांडण नाही, आरडाओरड नाही. फक्त एक म्हातारी उलटी माझ्याकडे आली. तिने पेटीच्या लाकडावर तळवा ठेवला, तापलेल्या पोराच्या कपाळावर ठेवावा तसा, आणि म्हणाली, "जमनी, घर चाल वं."

चहावाला धावत आला. "शेठ, पेटी बंद करा. हाई वाजाडानं नही आठे."

माझे डोके फिरले. "काबर? बजार तुन्हा बापना शे का?"

"बजार कोनाबी ना ऱ्हाओ. हाई गानं मरेल माणूसनं शे. वेस्तीबाईनी पोर व्हती, जमनी. नदीमा गयी. तिनं गानं शे."

"येड लागनं का तुले? हाई साहेबना देशनं गानं शे."

चहावाला हसला नाही, वादही घातला नाही. "मंग बाया काबर उठनात?" एवढेच म्हणाला. त्या दिवशी माझ्याशी खांडबाऱ्यात कोणी व्यवहार केला नाही. चोरीचा माल गळ्यात मारला गेला, हे मला तेव्हाच कळले. बैलाचे दात घासून वय लपवतात, तसे या गाण्याचे गाव लपवले होते. साहेबाला गाठायचे तर नाताळला गाठावे, तेव्हा तो हमखास घरी असतो. नाताळ जवळ आल्यावर मी पेटी उचलली आणि निघालो.

खांडबारा ते डोंगर

मिठाच्या सत्याग्रहानंतर दोनतीन वर्षांनी, थंडीत केलेला हा प्रवास. स्टेशनवर उतरलो तेव्हा रुळांवर दव गोठल्यासारखे चमकत होते. डोंगरातल्या त्या गावाला मोटार जात नाही. गावाचे नाव मी मुद्दाम लिहीत नाही. लिहिले तर लोक तमाशा बघायला जातील. गोमा नावाचा गाडीवान त्याच गावचा निघाला. भाड्यावरून आम्ही बरेच भांडलो आणि दोघेही खूश होऊन निघालो.

सपाटीवरच्या माणसाने हा मुलूख एकदा बघावा. आमच्याकडे तापीकाठी नजर टाकावी तिथपर्यंत कपाशी आणि ऊस. इथे रस्ता वळला की मागचा मुलूख पुसल्यासारखा नाहीसा होतो. साग पानगळीला लागलेला, त्याची मोठी पाने एकेक करून पडतात, आणि पडताना माणूस चालल्यासारखा आवाज करतात. शेतांत भात कापून झालेले, खळ्यांवर नागली. घरे कुडाची, एकमेकांपासून दूर दूर. आमच्याकडे शेजाऱ्याची भिंत ती आपली भिंत. इथे शेजाऱ्याला हाक मारायची तर शेत ओलांडावे लागते.

पहिल्या ओढ्यापाशी गोमा म्हणाला, "शेठ, पुढे सरका. गाडी उलार व्हई ऱ्हायनी."

ज्यांनी बैलगाडी हाकली नाही त्यांच्यासाठी सांगतो. मागे भार जास्त झाला की जू वर उचलले जाते, बैलांच्या गळ्यातले पट्टे आवळतात आणि त्यांचा श्वास कोंडतो. गाडी उलार झाली म्हणतात ती अशी. मी बैलबाजारात वाढलो आहे. गाडीत भार कसा ठेवायचा हे मला कोणी शिकवायला नको. पेटी मी गोमाच्या पाठीला टेकवून ठेवली होती आणि तिच्या शेजारी मी. मागचा सगळा साटा रिकामा होता.

"पुढेच तर बठेल शे. आखो कितलं सरकू? बैलना शिंगवर बसू का?"

गोमा खाली उतरला. त्याने जुवाखाली हात घातला. जू खरेच वर होते. बैल माना ताणून उभे होते. मी स्वतः उतरून पाहिले. मागे कोणी नव्हते, तरी जू खाली येईना.

गोमाने कडेचा एक धोंडा उचलून पुढे ठेवला. थोडे बरे झाले. पुढच्या चढाला आणखी एक ठेवला. पेटीची खिटी मी स्वतः लावली होती, तरी गचका बसला की आतून एखादा सूर बारीक निसटायचा, झोपेत कोणी हुंकार द्यावा तसा. पेटीवाल्याला यात नवल नाही. भाता सैल असला की होते. पण त्या पेटीचा भाता नवा होता.

गावात पोचेपर्यंत उजेड सरत आला. मी ठरलेले भाडे काढले. गोमा हात पुढे करीना.

"दोन जनस्नं भाडं लागी शेठ."

"दुसरा कोन?"

"माले काय ईचारतस? तुम्हीनच लई उनात."

मी तावातावाने बोललो. काय बोललो ते इथे लिहिण्यासारखे नाही. आयुष्यात प्रथमच न ठरलेले भाडे मी दिले. ते भीतीने दिले असे कोणी समजू नये. बैलांच्या गळ्यावर वळ उठले होते, ते मी पाहिले होते.

साहेबाचा बंगला

साहेब मला बघून मनापासून खूश झाला. उंच, वाकलेला, दाढी पांढरी, मराठी पुस्तकातल्यासारखे. पुष्कळ वर्षे इथे काढलेला माणूस. त्याने गरम पाणी दिले, अंगणात शेकोटीपाशी बसवले. जेवायला नागलीची भाकर, उडदाची घट्ट डाळ आणि लाल मिरचीची चटणी होती. आमच्या ज्वारी-उडदाच्या कळण्याच्या भाकरीची सवय असलेल्याला नागली आधी मातीसारखी लागते, तिसऱ्या घासाला गोड लागते. नंतर त्याने निखाऱ्यांवर डब्यात भाजलेला केक आणला. बेदाण्यांच्या जागी त्यात वाळलेली मोहाची फुले होती. चव चांगली होती. चांगल्याला चांगले म्हणायला मला राग आड येत नाही.

समोर मोकळ्या जागेत नाताळची तयारी चालली होती. ख्रिस्ती झालेली घरे थोडी, पण नाचायला सारा गाव. एकमेकांच्या कमरेत हात घालून बायापुरुषांनी गोल धरला. एकजण ओळ म्हणायचा, सारे फिरत फिरत पुढची ओळ उचलायचे. साहेबाचे डोळे चमकले.

"उखाभाऊ, हे पाहा. कॅरलचा, आमच्या नाताळच्या गाण्याचा, जन्म असाच झाला. देवळात नव्हे. आमच्याकडे खेड्यांतले लोक कडाक्याच्या थंडीत हात धरून असेच गोल फिरत आणि गात. एक पुढे म्हणे, बाकीचे झेलत. मग दारोदार जात, गाऊन खायला-प्यायला मागत. धर्मगुरूंना ते मुळीच आवडत नसे. नाचगाणे, दारू, धिंगाणा! कित्येकदा बंदी घातली. एका काळी तर आमच्याकडे नाताळच बंद केला होता."

"मग देवळात गाणे आले कसे?"

"बंदीने थांबेना तेव्हा शहाण्यांनी चाली ठेवल्या आणि शब्द बदलले. नाचाच्या चालीवर येशूचा जन्म बसवला. पुढे तेही मागे पडले. मग शिकलेले लोक खेडोपाडी हिंडले, म्हाताऱ्यांकडून गाणी ऐकून उतरवून घेतली, छापली. आज जी गाणी आम्ही अतिप्राचीन पवित्र म्हणून गातो, त्यांतली कितीतरी एखाद्या मेंढपाळाच्या किंवा कोळणीच्या तोंडची आहेत."

आमच्याकडे गुलाबाईला पोरी दारोदार गाणी म्हणत खाऊ ओळखायला लावतात, होळीला फाग मागतात, त्यातलेच हे. मला ऐकायला आवडले. आणि आवडले म्हणूनच मी नेमका प्रश्न विचारला.

"त्या म्हाताऱ्यांची नावे छापली का?"

साहेबाने शेकोटीत लाकूड सरकवले. "क्वचित."

"आणि तुमच्या आजीच्या गाण्यात कोणाचे नाव आहे?"

 गोल फिरणारी माणसे एकाएकी थांबली होती. कोणी सांगितले नव्हते. सगळ्यांची तोंडे आमच्या दिशेला होती, पण नजर माझ्यावर नव्हती, माझ्या खांद्यामागच्या अंधारावर होती. मग हात सुटले आणि जो तो मुकाट्याने घरी गेला.

"सकाळी बोलू," साहेब म्हणाला.

खांब

सकाळी साहेबाआधी वेस्तीबाईने मला गाठले. ती गोमाची मावशी. बाजारात पेटीवर हात ठेवणारी म्हातारी ती हीच. ओसरीसमोर उभी राहून म्हणाली, "तू लई गया तिले. आते तूच लई ये."

तिच्याबरोबर आलेल्या गोमाने मला समजावून सांगितले ते असे. या गावात माणूस गेले की त्याचे गाणे करतात. ज्याचे त्याचे वेगळे. दुसऱ्याला ते लागत नाही. सागाचा खांब कोरून शेताच्या कडेला उभा करतात, वर सूर्य-चंद्र, खाली त्या माणसाची आकृती. गाणे त्या खांबाशीच म्हणायचे, वर्षातून एकदा तरी, नवा भात घरात आल्यावर. गाणे ऐकून मेलेले माणूस येते. पानाच्या द्रोणात भात ठेवतात आणि शेजारी दाणे टाकून कोंबडी सोडतात. कोंबडीने दाणे टिपले की माणूस आले, जेवले. टिपले नाहीत तर आले नाही, म्हणजे ते उपाशी कुठेतरी फिरते आहे. आणि गाणे दुसरीकडे कुठे म्हटले तर ते तिकडे जाते. बोलावले म्हटल्यावर जाणारच, त्याचा काय दोष?

जमनीच्या खांबापाशी दोन वर्षे कोंबडीने दाण्याला तोंड लावले नव्हते.

"साहेबले गानं कोनी दिनं?" मी विचारले.

वेस्तीबाई सांगायला लागली. बाजारात येऊन येऊन तिची अहिराणी माझ्यापेक्षा बरी होती. जमनी नदीत गेली, तेव्हा आधी गावातले चार दिवस आले, मग ज्याचे त्याचे काम. साहेब मात्र येत राहिला. खांबापाशी जमिनीवर बसायचा. टोपी काढून मांडीवर धरायचा. एवढा मोठा माणूस आपल्या पोरीसाठी बसतो म्हणून तिने त्याच्यापुढेही द्रोण ठेवला. त्याने भात खाल्ला. खांबाशी बसून जो भात खातो तो त्या घरचा होतो, सुतक त्यालाही लागते.

"मी त्यास्ले भाऊ म्हनी," ती म्हणाली. "आनि टोपीनाखाल ते लिखी ऱ्हायनथात."

मी उठलो तो तडक बंगल्यात गेलो. साहेब पुस्तके लावीत होता. नाताळच्या गाण्यांची नवी छापील पुस्तके. एक उघडून पाहिले, ते गाणे त्यात होते.

"तुमची आजी खांडबाऱ्याची का?" मी विचारले.

त्याने पुस्तक खाली ठेवले. नाकारले नाही, हे कबूल करतो. "ती चाल ऐकली आणि वाटले, ही म्हातारी गेली की हे संपेल. असे सुंदर काही मरू नये. मी जे केले ते आमच्या देशात शेकडो वेळा झाले आहे, उखाभाऊ. गाणी अशीच जगली."

"मग मला आजी कशाला सांगितली?"

"डोंगरातल्या बाईचे मर्तिकाचे गाणे म्हटले असते, तर आपण ते किमतीत धरले असते? शहाद्याच्या गिऱ्हाइकाने ऐकले असते?"

हे लागले, कारण खरे होते. पण गिऱ्हाईक आंधळे आहे म्हणून मापात पाप करायची मुभा मिळत नाही. मी त्याला तसेच सांगितले, आणखीही पुष्कळ सांगितले. आवाज ऐकून स्वयंपाकीण बाहेर येऊन उभी राहिली. "चोरीचा माल जुना झाला की तुमच्याकडे वारसा म्हणतात का? आमच्या बाजारात त्याला चोरीचाच माल म्हणतात. आणि तुम्ही मेल्याच्या घरचा भात खाऊन चोरी केली. इतके तर बैलचोरही करीत नाहीत."

साहेब खुर्चीत बसला. एकदम फार म्हातारा दिसला. "मी काय करावे?"

मी खांद्यावरचा पंचा काढला आणि त्याच्या हातावर टाकला. आमच्या बैलबाजारात सौदा बोलून करीत नाहीत. कापडाखाली हात घालून बोटे दाबतात, म्हणजे चारचौघांना कळत नाही आणि शब्द फिरवता येत नाही. साहेबाला हे माहीत होते. अटी मी तोंडाने सांगितल्या, होकार मात्र बोटांनीच घेतला. मी पहिले बोट दाबले: या नाताळला ते गाणे म्हणायचे नाही. त्याने उलट दाबले, कबूल. दुसरे बोट: पुस्तकातून काढायचे, पुन्हा कुठे छापायचे नाही, इतर शाळांनाही कळवायचे. तो थांबला. त्याच्या बोटांना घाम आला होता. मग दाबले. तिसरे: वेस्तीबाईला हे त्याने स्वतः, खांबापाशी जाऊन सांगायचे.  मग अगदी हळू, दाबले.

पंचा काढला आणि त्याने माझ्या हातावर टाळी दिली. टाळी दिली की सौदा संपला. माझ्या गेलेल्या फरकाचे मी नावही काढले नाही.

दुपारी आम्ही खांबापाशी गेलो. उन्हे तिरपी झाली होती, शेत कापलेले, वारा नाही. खांबावरची आकृती साधी होती: दोन वेण्या, हात पसरलेले. साहेबाने टोपी काढली आणि जे सांगायचे ते सांगितले. वेस्तीबाईने ऐकले. "बठ," एवढेच म्हणाली. मग तिने द्रोण मांडला, दाणे टाकले, काळी कोंबडी सोडली आणि गायला लागली.

माझीच चाल. पण मी आजवर ती वाजवली कुठे होती, मी नुसती तिची पावले मोजली होती. कोंबडी दाण्यांजवळ गेली, मान वाकडी करून बघितले आणि लांब जाऊन उभी राहिली. वेस्तीबाई थांबली. तिने माझ्याकडे पाहिले.

मी पेटी खांबासमोर ठेवली, भाता सोडला.  वाजवली. चार पावले पुढे, दोन मागे, पुन्हा चार पुढे. नेहमी शेवटच्या ओळीनंतर मी पुन्हा पहिली ओळ घेतो, गिऱ्हाईक उठू नये म्हणून. या वेळी घेतली नाही. शेवटच्या सुरावरून बोट उचलले, भाता मिटला, खिटी लावली.

सूर थांबला नाही. बारीक, एकसारखा, पेटीतून येत राहिला. नंतर तो पेटीतून येत नव्हता. माझ्या उजव्या कानामागून येत होता, मग कानाच्या पुढून, मग खांबापासून. साहेबाने ऐकला की नाही ठाऊक नाही; त्याने तोंड हातांत घेतले होते. खांबापाशीच सूर विरला. दोन वर्षे माझी पाठ जड होती हे मला त्या क्षणी, ती हलकी झाल्यावर, समजले.

कोंबडी धावत आली आणि दाणे टिपायला लागली.

वेस्तीबाई रडली नाही. द्रोणातला भात हाताने कालवीत म्हणाली, "किती वाळी गयी वं. जेव. जेव."

नाताळ

दुसऱ्या दिवशी नाताळ. छोटेसे कौलारू देऊळ माणसांनी भरले. कागदाची फुले, झेंडूच्या माळा, पणत्या. साहेबाच्या देशाची गाणी इथल्या ढोलावर ऐकून मला हसू आले, पण वाईट लागत नव्हती. मग एक जागा आली. सगळ्यांनी पुस्तकाचे पान उलटले आणि साहेबाने हात वर केला. ते गाणे म्हटले नाही. त्या शांततेत बाहेरून, शेताच्या कडेकडून, एका म्हातारीचा आवाज येत होता.  तो आवाज संपल्यावर साहेबाने पुढचे गाणे सुरू केले.

परतीला तीच गाडी, तीच पेटी, तेच बैल. गोमाने जुवाखाली हात घातला आणि धोंडे फेकून दिले. ओढ्याच्या चढालाही गाडी सरळ राहिली. खांडबाऱ्याला त्याने एकाच माणसाचे भाडे घेतले, आणि तेही कमी केले. मीच जास्त दिले, त्यावरून पुन्हा भांडण झाले.

त्यानंतर

इथे हे संपले असते तर मी लिहायला बसलो नसतो.

पुढच्या पावसाळ्यात साहेब आपल्या देशी गेला. जाताना मला भेटला नाही. हिवाळ्यात मिशनचे गाण्यांचे नवे पुस्तक निघाले. माझ्या दुकानात एका मास्तराने ते आणले, पेटीवर बसवून द्या म्हणाला. मी पान उलटले. गाणे तिथेच होते. खाली लिहिले होते: परदेशी प्राचीन चाल. नाव साहेबाचे. मी मास्तराला बाहेर काढले, नंतर त्याला बोलावून पाणी दिले. त्याची काही चूक नव्हती. सगळ्या शाळांना तेच पुस्तक गेले होते.

नाताळच्या सुमारास नंदुरबारच्या रस्त्यावरून कंदील घेऊन गाणारी मंडळी गेली. तीच चाल होती. दुकानातल्या पेट्यांच्या खिट्या लावलेल्या होत्या. मी बाहेर जाऊन उभा राहिलो. मंडळी पुढे गेली, आणि सगळ्यांत मागे, कंदिलाच्या उजेडाबाहेर, वेस्तीबाई चालली होती. हातात द्रोण.

"आठे कशी उनी तू?" मी विचारले.

"कोंबडी खात नही," ती म्हणाली. थांबली नाही.

गोमाकडून कळले की ती आता घरी नसतेच. नवापूर, चिंचपाडा, खांडबारा. जिथे जिथे ते गाणे म्हणतात तिथल्या देवळाच्या दाराशी उभी राहते. गाणे संपले की द्रोण उंबऱ्यावर ठेवते आणि म्हणते, घर चाल वं. पण तोवर दुसऱ्या गावात कोणीतरी ते सुरू केलेले असते. आमच्याकडून निघालेल्या गाड्या अधूनमधून वाटेत उलार होतात, असे गाडीवान सांगतात. मी आता हसत नाही.

मला फसवले ते मी सोडून दिले. बाजारात असे चालते. पण साहेब, तुम्ही खांबाशी बसून भात खाल्ला आहे आणि माझ्या हातावर टाळी दिली आहे. तुमचा देश किती लांब आहे, तिथे किती बर्फ पडते, हे मला सांगू नका. तुमच्या जागी जो कोणी आज गादीवर बसला आहे, ज्याने ते पान पुन्हा छापले, त्यालाही मी विचारतो. येत्या नाताळच्या आधी मला सांगा, मला नको, खांडबाऱ्याच्या बाजारात उभे राहून त्या म्हातारीला सांगा: तुम्ही इतक्या दारांतून तिच्या पोरीला हाका मारता, तर जमनीने जेवायचे कोणत्या दारी?